दाराचं गाव

काय हवं आहे, हे पोतनीसजी कधीच विचारत नाहीत.

झाशीच्या सदर बाजारात, छावणीचा शांत रस्ता जिथे गजबजीला येऊन मिळतो त्या कोपऱ्यावर, त्यांचं जनरल स्टोअर आहे. तुम्ही उन्हातून पायऱ्या चढून आत येता. बाहेरचा पांढरा झोत डोळ्यांतून उतरेपर्यंत काहीच दिसत नाही; आधी वास भेटतात. हिंगाचा, बुटांच्या पॉलिशचा, कापूर ठेवलेल्या लाकडी खणांचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी शांत बसून राहिलेला खोबरेल तेलाचा. मग त्या गार अंधारातून चाळलेल्या पिठासारखा मऊ आवाज येतो, “गाव कोणतं आपलं?”

तुम्ही म्हणता, साबण हवा होता.

“साबण मिळेल जी. गाव?”

पुणे म्हणून सुटका होत नाही. पुणे हा त्यांच्या मते मुक्काम झाला, त्याच्या आधीचं सांगावं. मग तालुका सांगावा लागतो. नदी असेल तर ती गावाच्या कोणत्या अंगाने वाहते, देवळाचं तोंड कुणीकडे, पारावर झाड कशाचं, हेही सांगावं लागतं. एवढी उलटतपासणी झाली की साबण मिळतो. मध्येच कोणी घड्याळ पाहिलंच, तर त्यांचं ठरलेलं वाक्य तयार असतं, “घाई काय आहे जी, पलटण थोडीच चाललीये?” छावणीच्या तोंडाशी बसून असं म्हणायला धाडस लागतं. तिथे पलटण नेहमीच कुठेतरी चाललेली असते.

ही चौकशी फक्त मराठी गिऱ्हाइकांची होते. बुंदेली माणूस आला की पोतनीसजी “हओ भैया” म्हणून मुकाट्याने डाळ तोलतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “त्यांचं गाव त्यांच्या पायाखालीच आहे. त्यांना काय विचारायचं?”

पोतनीसजींचं घराणं मराठी राज्यकारभाराबरोबर इथे आलं, त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. घराण्याबरोबर आलेली मराठी मात्र त्यांनी पितळेच्या भांड्यासारखी घासूनपुसून ठेवली आहे. ते ‘बसावं’, ‘घ्यावं’, ‘आमचे येथे’ असं बोलतात. मध्येच एखादा हिंदी शब्द टिकली लावावी तसा लावतात. अंगात इस्त्रीचा पांढरा पायजमा-सदरा आणि वर राखाडी जाकीट. जाकिटाच्या खिशात अडकित्ता. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरात असते. ती फोनवर हिंदीत बोलते, हे मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं छान चालतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात. बाजारातले लोक त्यांना दाऊ म्हणतात. बरण्यांच्या रांगेत मोबाइलने पैसे देण्याचा चौकटींचा कागद आहे, पण तो आणि फोन ते फुलदाणीच्या मागे ठेवतात. पैसे आले की फोन मोठ्याने बोलतो, आणि त्यामुळे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, वास्तूची झोपमोड होते.

वास्तू झोपाळू वाटावी अशीच आहे. हातभर जाडीच्या भिंती, पुढे कमानींचा ओटा, उंच छताला कधीकाळी दोरीने ओढायच्या पंख्याचं कडं. भर उन्हाळ्यात झाशीचा दगड दुपारी भाकरीसारखा फुगेल की काय असं वाटतं, तेव्हाही या दुकानाची फरशी पावलांना ओल्या पानासारखी लागते. आणि दर्शनी बाजूला दोन झडपांचं ते काळंभोर दार. शेकडो हातांनी गुळगुळीत झालेलं. उघडताना आधी खोल श्वास घेतं आणि मग करकरतं.

माझे यजमान लष्करी दवाखान्यात डॉक्टर. त्यांच्या बदलीबरोबर मी झाशीला आले त्या आठवड्यात पोहे शोधत या दुकानात शिरले. गाव विचारलं गेलं. मी अलिबाग म्हणाले. समुद्र घरापासून किती लांब, भरतीचा आवाज माजघरात येतो का, अशी सगळी चौकशी झाली. मग पोतनीसजी काउंटरच्या मागून बाहेर आले, मला आतल्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि तिच्यावर तळवा ठेवून म्हणाले, “ही आपली.”

मला काही कळेना.

ते सांगू लागले. आजोबांनी इमारत बांधली तेव्हा भिंतीला चुना हवा होता. इकडचा चुना आजोबांना पसंत पडेना. शेवटी अलिबागच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या भाजून केलेला चुना गोण्या भरून आला. “या भिंतीत आपला समुद्र आहे, वहिनीजी. वास घेऊन पाहावा.”

मी भिंतीला नाक लावलं. खरोखर खारट, ओलसर वास आला. त्या परक्या, कोरड्या गावात मी पोहे विसरून तिथेच उभी राहिले. पुढे पाव किलो पोह्यांसाठीसुद्धा मी मुद्दाम तिथेच जायची आणि जाता जाता भिंतीला हात लावून यायची. खूप दिवसांनी, दुकानात झाडलोट चालू असताना, मला दिसलं की त्या भिंतीला लागून खड्या मिठाची पोती रचलेली असतात. तरी माझा विश्वास ढळला नाही. माणूस समुद्रावर प्रेम करतो तेव्हा पुरावे तपासत नाही.

समोर चहाची टपरी आहे, हरदासची. एकदा मी चहा घेत उभी असताना पोतनीसजी कोणा नव्या बाईंना दाराशी उभं करून हातवारे करत काही सांगत होते. बाई पदराने डोळे टिपत होत्या. हरदास किटली खाली ठेवून म्हणाला, “लो, दाऊ ने किवार फिर ब्याह दए.” दाऊंनी दाराचं पुन्हा लग्न लावून दिलं, एवढाच मला अर्थ लागला. बुंदेली विनोद असेल असं समजून मी हसले आणि पैसे देऊन निघाले.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात झाशीतल्या जुन्या वास्तूंचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पोतनीस स्टोअरचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आनंदाने ही बातमी द्यायला गेले, तर पोतनीसजींची सुपारी कातरायची थांबली.

“लिहायलाच हवं का जी? बोलण्यात बरी असते वास्तू.”

मी म्हटलं, अलिबागच्या चुन्याबद्दल लिहिणार आहे. ते आणखीच अस्वस्थ झाले आणि न मागता मला बडीशेपेची पुडी बांधून दिली.

दुकानात जाणाऱ्या बायकांच्या आठवणी गोळा कराव्यात म्हणून मी काही जणींना घरी चहाला बोलावलं. त्यांत सुभेदारांच्या जाधव वहिनी होत्या, साताऱ्याकडच्या; आवाज असा की परेड त्याच घेतात की काय असं वाटावं. आणि नुकत्याच बदलून आलेल्या वैरागडे वहिनी, भंडाऱ्याच्या, सडसडीत, लाजऱ्या. मी माझ्या भिंतीची गोष्ट सांगितली. सगळ्या हरखल्या. जाधव वहिनी म्हणाल्या, भिंतीचं ठीक आहे, पण दार मात्र आमच्याकडचं. कृष्णाकाठच्या सुतारांनी घडवून बैलगाड्यांनी झाशीला पाठवलेलं, पोतनीस काकांनी स्वतः दाखवलं.

वैरागडे वहिनींनी कप खाली ठेवला. “दार तर भंडाऱ्याचं आहे न?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आमच्या जंगलातलं सागवान. मले रडू आलं होतं.”

कोल्हापूरच्या एकीने सांगितलं की कड्याकोयंडे कोल्हापूरच्या लोहारांचे. नगरच्या एकीच्या वाट्याला फरशी आली होती. मी सगळं जोडून पाहिलं, तर आजोबांनी एक दुकान बांधण्यासाठी अख्खा महाराष्ट्र उकरून बैलगाड्यांत भरलेला दिसत होता. बाकीच्या हसू लागल्या. पण एका दारावर दोन गावांचा दावा होता आणि जाधव वहिनी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या म्हणाल्या, चला, आत्ताच विचारू.

वाटेत मला हरदासचा विनोद एकदम उलगडला. जाधवांच्या बदलीचा हुकूम उन्हाळ्यात निघाला होता. वहिनी सगळ्यांचा निरोप घेऊन आल्या होत्या, पोतनीसजींनी त्यांना वाटेसाठी लाडूही बांधून दिले होते. मग पलटणीचा मुक्काम वाढला आणि जाधव इथेच राहिले. पण त्याआधीच वैरागडे वहिनी पोचल्या होत्या; दाराशी डोळे टिपणाऱ्या नव्या बाई त्याच. छावणीत एक कुटुंब गेलं की त्याचं क्वार्टर दुसऱ्याला मिळतं. पोतनीसजींचंही वाटप त्याच नियमाने चालत होतं. दार रिकामं झालं असं समजून त्यांनी ते भंडाऱ्याला देऊन टाकलं होतं. माझ्या भिंतीत माझ्या आधी कोण राहून गेलं असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि थोडं दुखलं.

आम्ही सगळ्या एकदम पायऱ्या चढून आलो तेव्हा पोतनीसजींनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. दोन्ही वहिनींना शेजारी शेजारी पाहताच ते उठून उभे राहिले.

“काका,” जाधव वहिनी म्हणाल्या, “एका दाराला दोन गावं?”

“काहून खोटं सांगितलं जी?” वैरागडे वहिनींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

पोतनीसजी बरण्यांची झाकणं उगाच घट्ट करत राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, बरण्या किणकिणल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. दार इथलंच. एक जुनी बराक पाडली गेली, तिचं लाकूड आजोबांनी घेतलं होतं. विटा चिरगावच्या वाटेवरच्या भट्टीतल्या, गवंडी जवळच्या मोठ गावचा. चुना, फरशी, कड्याकोयंडे, सगळं याच मातीतलं. महाराष्ट्रातून या इमारतीत एक खिळासुद्धा आलेला नाही.

“प्रदर्शनात हेच लिहावं,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “खरं तेच लिहावं. फक्त… मग नवीन येणाऱ्या इथे उभ्या राहून गाव सांगणार नाहीत. साबण घेतील आणि जातील.”

त्यांनी हातातली बरणी फळीवर ठेवली.

“आपण पहिल्यांदा आलात तेव्हा कशा उभ्या होतात, आठवतं का जी? जी येते ती दारातच उभी राहते. एक पाय बाहेर. इथे आपलं काही नाही, हे अंगभर दिसतं. गावाकडचं काहीतरी आहे म्हटलं की दुसरा पाय आत येतो.” त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. “मला तो पाय आत येताना पाहायला आवडतं.”

जाधव वहिनींना आपला राग आता कुठे ठेवावा हे समजेना. त्या स्टुलावर बसल्या, पदराने वारा घेतला, आणि काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, “आणि काका, तुमचं गाव कोणतं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

पोतनीसजी हसले. म्हणाले, आडनावाच्या शेवटी ‘कर’ असतं त्यांचं बरं आहे, पत्ता अंगावरच लिहिलेला असतो. पोतनीस म्हटलं की खजिना सांभाळणारा एवढं कळतं. हुद्दा कळतो, गाव कळत नाही. वडिलांना माहीत नव्हतं, आजोबांनी सांगितलं नव्हतं. कोकण की देश, तेही नाही.

वैरागडे वहिनींनी विचारलं, कधी तिकडे जाऊन पाहिलं नाही का?

“महाराष्ट्रात पाऊल ठेवलेलं नाही, जी. गाडी तर इथूनच जाते, रोज जाते. कधी कधी स्टेशनावर जाऊन पाहतोही.” त्यांनी अडकित्ता उघडला आणि मिटला. “पण उतरायचं कुठे?”

फरशीचा गारवा तळपायांतून वर चढत होता. बाहेर हरदासच्या स्टोव्हचा भरभर आवाज येत होता. जाधव वहिनी उठल्या, दारापाशी गेल्या, दोन्ही झडपा एकदा मिटून एकदा उघडल्या आणि परेडच्या आवाजात निकाल दिला. दाराला झडपा दोन आहेत. डावी साताऱ्याची, उजवी भंडाऱ्याची. विषय संपला.

प्रदर्शनात मी बराकीचं लाकूड लिहिलं, चिरगावच्या वाटेवरची भट्टी लिहिली, मोठच्या गवंड्याचा हात लिहिला. त्या मजकुराखाली फोटो लावले. कोल्हापूर कोयंड्याला हात लावून उभं होतं, नगर फरशीवर मांडी घालून बसलं होतं, माझं नाक भिंतीला होतं. मधल्या मोठ्या फोटोत दाराच्या दोन झडपा धरून दोघी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या नावाखाली तिचं गाव. मंडळाच्या अध्यक्षांना मजकूर आणि फोटो यांचा मेळ काही लागेना. पण मोदकांच्या वासात फार चौकशी करण्याचं त्यांना सुचलं नाही. पोतनीसजी नवा सदरा घालून आले, फोटोंसमोर उभे राहिले, आणि दार किती स्वच्छ दिसतंय एवढंच म्हणाले.

नवरात्रानंतर जाधवांची पलटण खरोखर निघाली. त्या सकाळी मी दुकानातच होते. बाहेर सामानाने भरलेला ट्रक घरघरत उभा होता आणि सुभेदारसाहेब पुढच्या सीटवरून हाका मारत होते. जाधव वहिनी पायऱ्या चढून आल्या.

“काका, डावी झडप खाली केली बरं का. आता कोणालाही द्या.”

पोतनीसजींनी लाडवांचा डबा पुढे केला. या वेळी त्यांनी बसा म्हटलं नाही. त्यांचं ते पलटणीचं वाक्य ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

वहिनी गेल्या नाहीत. डबा कडेवर घेतल्यासारखा धरून त्या बोलू लागल्या, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा. “सांगायचं राहिलंच. परवा सासूबाईंशी फोनवर बोलणं झालं. आमच्या गावात खालच्या अंगाला एक आळी आहे, तिला पोतनीसांची आळी म्हणतात. घरं पडली आता. मागं कधीतरी ते लोक उत्तरेला गेले म्हणे, परत आले नाहीत.”

मी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची नजर वरच्या फळीवरच्या कंदिलांवर खिळली होती आणि कान लाल झाले होते.

पोतनीसजींनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. असल्या गोष्टी कशा घडवतात, कुठे सांधा ठेवतात आणि कुठे रंधा मारतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते थोडा वेळ वहिनींकडे पाहत राहिले. मग चाळलेल्या पिठासारख्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “नदी कोणत्या अंगाला आहे?”

“उगवतीला.”

“देवळाचं तोंड?”

“नदीकडंच.”

“पारावर झाड?”

वहिनी क्षणभर अडखळल्या. “चिंच,” त्या म्हणाल्या. “लई मोठी.”

ट्रकचा भोंगा वाजला. वहिनींनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, डाव्या झडपेवरून एकदा तळवा फिरवला आणि पायऱ्या उतरता उतरता मागे वळून ओरडल्या, “उतरायचं रहिमतपूरला, काका. पुण्याला गाडी बदलायची.”

ट्रक गेल्यावर रस्त्यावर धूळ आणि डिझेलचा वास बराच वेळ रेंगाळला. पोतनीसजींनी काउंटर पुसला. माझे पोहे बांधले. दोरा दाताने तोडला. मी पैसे दिले, फुलदाणीमागून फोन मोठ्याने बोलला आणि त्यांनी त्याला चूप केलं नाही.

“वहिनीजी,” ते म्हणाले, “पुण्याहून पुढे जाते ती पॅसेंजर गाडी रहिमतपूरला थांबते किती वेळ? म्हणजे, माणसाला सावकाश उतरता येतं ना?”

येतं, मी म्हटलं. ती निवांत गाडी असते.

“मग घाई नाही,” ते म्हणाले.

दारात एक नवी मुलगी उभी होती. हातात पिशवी, कपाळावर घाम, एक पाय अजून बाहेर. पोतनीसजींनी जाकीट सारखं केलं आणि काउंटरमागून बाहेर आले.